ठसा घेणारं पोलाद

माझ्या भावाला एका शब्दात उत्तर हवं होतं: चांगल्या की वाईट. ते मला देता येत नव्हतं, आणि का देता येत नाही हे सांगण्यात आमचा सगळा रविवार गेला.

सुऱ्या त्याच्या दुकानाच्या बाकावर पसरल्या होत्या. फिलिपिन्समधल्या आमच्या ताआल गावच्या या रस्त्यावर दर दुसऱ्या घरात सुरीचं दुकान आहे, आणि सुरी म्हणजे एकच, बालिसाँग: जिच्या मुठीचे दोन भाग फुलपाखराच्या पंखांसारखे फिरतात आणि पात्याला आत घेऊन मिटतात ती. पण बाकावरच्या सुऱ्या आमच्या रस्त्यावर घडलेल्या नव्हत्या. त्या बोटीतून आल्या होत्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येकीला प्लास्टिकची वेगळी पिशवी. आमच्याकडे नुसती पितळी मूठ ओतायला जो खर्च येतो त्याहूनही त्या स्वस्त होत्या.

"बघ आणि सांग," कुया क्रिसान्तो म्हणाला. कुया म्हणजे माझा थोरला भाऊ. "यंत्रावर पोलाद तपासण्यात तुझं आयुष्य चाललंय. एवढं घरचं काम कर."

मी बाऊआनला, जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात, धातू तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जहाजाच्या पत्र्यांचे आणि वेल्डिंगच्या सांध्यांचे तुकडे माझ्याकडे येतात. मी ते दाबते, वाकवते, तोडते आणि आकडा लिहून देते. कुयाला या कामाचा अभिमान आहे, पण ते नेमकं काय आहे हे त्याने कधी विचारलेलं नाही.

सुऱ्या मागवायची वेळ त्याच्यावर खांद्यामुळे आली. आमचे वडील, ताताय, गेल्यापासून भट्टी तो एकटा चालवायचा. जीपच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद तापवायचं, ठोकायचं, पाणी द्यायचं, म्हणजे लाल पातं एकदम बुडवून कडक करायचं, मग घासायचं. आता उजवा हात छातीच्या वर जात नाही. डॉक्टरने हातोडा बंद सांगितला आहे. दुकानातल्या भिंतीवर त्याच्या हातच्या थोड्याच सुऱ्या उरल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या खिळ्यांकडे माझी वहिनी बेलेन येता-जाता बघायची.

"सगळा रस्ता हाच माल विकतोय," ती म्हणाली. "वर आपापला ठसा मारतात आणि ताआलची सुरी म्हणून देतात. आमचे हेच तेवढे संत आहेत."

"मी नाही म्हटलंय का?" कुया म्हणाला. "चांगली असली तर मीही ठसा मारीन. वाईट असली तर खोकं परत. तातायचा मासा आहे तो, बेलेन, गोणीवरचा शिक्का नाही."

प्रश्न त्या माशाचा होता. तातायच्या प्रत्येक पात्याच्या बुडाशी एक लहानसा मासा असायचा, आमच्या तळ्यातला तावीलिस, शेपटीला दोन रेघा. तो उठवायचा ठसा त्यांनी स्वतः कोरला होता. मासा बघून अजून लोक येतात. एकदा तर एक म्हातारा खलाशी तीस वर्षं वापरलेली सुरी घेऊन आला आणि नुसती दाखवून गेला. बाहेरच्या सुरीवर मासा मारायचा तर ती सुरी त्या लायकीची हवी, एवढंच कुयाचं म्हणणं होतं. ते मला पूर्ण मान्य होतं. म्हणूनच तर वैताग होता.

मी एकेक सुरी पिशवीतून काढून बघितली. मूठ धरून पातं डावी-उजवीकडे हलवलं. काहींत ते गच्च होतं, काहींत सैल दातासारखं हलत होतं. मिटल्यावर पात्याचं टोक खाचेच्या मध्यावर येतं का ते पाहिलं. दोन्ही मुठी सारख्या मिटतात का, कडी स्वतःहून सुटते का, दोन्ही बाजूंची धार सारख्या कोनात घासली आहे का. यातलं बरंचसं ठीक होतं. काही तर आमच्या रस्त्यावरच्या कामापेक्षा सुबक होतं, पण ते मी बोलले नाही.

"मग?" कुया म्हणाला.

"हे वरवरचं झालं. पोलाद कसं आहे ते दिसत नाही."

"तुलाही दिसत नाही?"

"कुणालाच दिसत नाही, कुया. कडक करण्यापूर्वीचं पातं आणि कडक केलेलं पातं घासून चकचकीत केल्यावर सारखीच दिसतात. तोडून बघायला पाहिजे."

"तोडायचं नाही. वेल्मोरची अट आहे. पात्यावर ओरखडा जरी दिसला तरी परत घेणार नाही म्हणाला."

वेल्मोर म्हणजे बातांगास शहरातून व्हॅनमध्ये माल घेऊन येणारा. किल्ल्यांच्या साखळ्या, रंगीत जपमाळा आणि सुऱ्या एकाच व्हॅनमध्ये.

"म्हणजे तपासायचं, पण हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"तसंच."

एवढ्यात समोरच्या दुकानातला तियो पोन्सो कॉफीचा कप घेऊनच रस्ता ओलांडून आला. तियो म्हणजे काका; हा आमच्या वडिलांचा समवयस्क. त्याला कुणी मत विचारायची गरज पडत नाही.

"इंजिनियर आणावा लागला का यासाठी?" तो म्हणाला. "एक नाणं आण. तुझ्या बापाने कधी यंत्र बघितलं होतं?"

नाण्याची परीक्षा आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. लाकडी ठोकळ्यावर नाणं ठेवायचं आणि सुरीचं टोक त्यावर मारायचं. टोक नाण्यात घुसलं आणि शाबूत राहिलं तर सुरी खरी. बेलेनने गल्ल्यातून पाच पेसोचं नाणं दिलं. मी नको म्हणत होते. तियो पोन्सोने एक सुरी फटकन उघडली आणि हात खाली आणला. नाणं ठोकळ्यावरून उडून माझ्या पायाशी आलं. त्यावर एक ठिपका होता. सुरीचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं तुटलं होतं.

"झालं," तियो पोन्सो म्हणाला. "कचरा."

"तियो, ताताय ज्या नाण्यांवर मारून दाखवायचे ती पितळेची होती. त्याच्याही आधीची ॲल्युमिनियमची. हे नाणं आतून पोलादी आहे, वरून नुसता निकेलचा मुलामा. यात कुणाचंच टोक घुसणार नाही."

"तुझ्या बापाचं घुसलं असतं."

"नसतं घुसलं."

कुयाने माझ्याकडे बघितलं, आणि मी काहीतरी वाईट बोलले आहे हे मला कळलं. भिंतीवरची त्याची एक सुरी काढून त्याच नाण्यावर मारून दाखवावी असं मनात आलं. त्याने काय सिद्ध झालं असतं ते मला माहीत होतं, म्हणून ती खिळ्यावरच राहू दिली.

"शिवाय टोक वाकलं नाही, तुटलं," मी नंतर म्हणाले. "मऊ पोलाद असतं तर वाकलं असतं. तुटणं हे त्यातल्या त्यात चांगलं लक्षण आहे."

तियो पोन्सो हसायला लागला. "ऐकलंस का, क्रिसान्तो? सुरी तुटली, म्हणजे चांगली आहे. शाळेत हे शिकवतात. पैसे घेऊन शिकवतात." कॉफी संपवून तो निघून गेला.

शेवटी असं ठरलं की मी मूठभर सुऱ्या बाऊआनला न्यायच्या. कडकपणा मोजायच्या यंत्राला एक हिऱ्याचं टोक असतं. ते ठरलेल्या वजनाने धातूवर दाबलं जातं, खळगा किती खोल गेला त्यावरून आकडा येतो. खळगा बारीक असतो, पण दिसतो. म्हणून मूठ उघडून, पात्याचा जो भाग मुठीच्या आत लपतो तिथेच मोजायचं, म्हणजे वेल्मोरला कळणार नाही.

हे बोलायला सोपं होतं. मुठींचे स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे होते आणि त्यांना आतून काहीतरी गोंद लावलेला होता. पहिल्याच स्क्रूची खाच फिरून गुळगुळीत झाली. मग मी डाग द्यायच्या सळईने एकेक स्क्रू तापवत बसले. दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलावर उघड्या सुऱ्यांची रांग बघून आमचे साहेब काटिगबाक दारात थांबले.

"मिस मारालित, कुणाशी भांडण झालंय का?"

"माझ्या भावाचं काम आहे, सर."

"भाऊ जिवंत आहे ना?"

"अजून तरी."

त्यांनी एक सुरी उचलून सांभाळून फिरवायचा प्रयत्न केला, बोटावर आपटून घेतली, आणि यंत्र हवं तेवढा वेळ वापरा म्हणून निघून गेले.

आकडे आले तेव्हा मला आधी वाटलं की यंत्र बिघडलं. काही पाती पंचावन्नच्या आसपास होती. म्हणजे उत्तम. तातायची एक सुरी मी कायम पर्समध्ये ठेवते, तिचा आकडाही तिथेच येतो. आणि काही पाती तिशीच्या घरात. तिशी म्हणजे पाणी दिलेलंच नाही. चमच्याला पाणी देत नाहीत तसं. मधलं काहीच नव्हतं. मी प्रमाणित ठोकळा लावून यंत्र तपासलं. यंत्र बरोबर होतं. एकाच खोक्यातल्या, एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या सुऱ्या, आणि त्यातल्या काही भट्टीत गेल्याच नव्हत्या. बहुधा कुठेतरी कुणीतरी न भाजलेला ट्रे भाजलेल्या ट्रेबरोबर पुढे ढकलला होता.

मी कुयाला फोन केला.

"दोन प्रकारच्या आहेत," मी म्हणाले. "दिसायला एकच."

"म्हणजे चांगल्या की वाईट?"

"दोन्ही."

"नेने," तो म्हणाला, धाकटी म्हणून तो मला अशीच हाक मारतो, "गिऱ्हाईक मला 'दोन्ही' विचारत नाही."

"मी नेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फार चांगल्या आहेत. बाकीच्या टाकाऊ. खोक्यातल्या उरलेल्यांबद्दल मला काही सांगता येत नाही."

"मग तू तपासलंस काय?"

मी फोन कानापासून लांब धरून एक श्वास घेतला. "मी जे तपासलं तेच तपासलं. जे तपासलं नाही ते कसं सांगू? एका नारळावरून गाडीभर नारळ गोड निघतात का?"

"आपली आई सांगायची."

"कुया."

"बरं, बरं. मग आता?"

"शनिवारी सकाळी येते. स्क्रूचा पाना आणि चांगली कानस घेऊन येते. प्रत्येकीची मूठ उघडून आतल्या बाजूला कानस लावून बघू. कानस घसरली तर पातं कडक, ठेवायचं. कानसीने चावा घेतला तर मऊ, परत. दोन तासांचं काम आहे. तोवर काही करू नकोस."

"शनिवारी तर गिऱ्हाईक असतं. देवळात लग्नं आहेत."

"म्हणून सकाळी येते म्हणते ना. थांब तेवढं."

"बरं, शास्त्रज्ञबाई," तो म्हणाला. मागून बेलेन काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

शनिवारी मी बसले होते ती जीपनी, म्हणजे आमच्याकडची प्रवासी गाडी, लेमेरीच्या पुलाजवळ अडकली. पुढे उसाचा ट्रक कलंडला होता. ड्रायव्हर खाली उतरून बघून आला आणि पुन्हा येऊन झोपला. मी पिशवीतला पाना आणि कानस बोटांनी चाचपत बसले. दुकानात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

भिंत भरलेली होती.

कुया दारातच उभा होता. इतक्या दिवसांत त्याला असा हसताना मी बघितलं नव्हतं. "उशीर झाला तुला," तो म्हणाला. "पण बिघडलं नाही. मी निवडल्या."

"कशा निवडल्या?"

"तुझ्या यंत्राशिवाय निवडल्या. बस. बेलेन, हिला कॉफी दे."

मी बसले नाही. भिंतीजवळ जाऊन एक सुरी काढली. पात्याच्या बुडाशी मासा होता. सुबक, खोल, शेपटीच्या दोन्ही रेघा स्पष्ट. दुसरी काढली. तसाच. तिसरी.

"तू ठसा मारलास," मी म्हणाले.

"डाव्या हाताने. लहान हातोडीने जमतं तेवढं." त्याने बाकावरचा ठसा उचलून दाखवला. "आणि मारता मारताच कळत गेलं. तुला मी सांगायला नको, पण ऐक. चांगलं पोलाद ठसा घेतं. ताताय नेहमी म्हणायचे. पातं ठोकून झालं की आधी मासा मारायचा. मासा नीट उठला तर पोलाद एकजीव आहे, पुढे जायचं. ठसा उसळला, घसरला, तर त्यात खोट आहे, तो तुकडा बाजूला. आयुष्यभर मी असंच निवडत आलो. तर या सुऱ्यांतही तसंच निघालं. काही कशा लोण्यासारख्या घेत होत्या, आणि काही अशा हट्टी, की ठसा उडून माझ्या बोटावर. दोन प्रकार. तू म्हणाली होतीस तसेच. दोन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो जे सांगत होता त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. ताताय ठसा मारायचे ते पातं ठोकून झाल्यावर, पाणी देण्यापूर्वी, पोलाद मऊ असताना. तेव्हा ठसा न घेणारा तुकडा खरोखरच सदोष असतो. पण या सुऱ्या कारखान्यातून पूर्ण होऊन आल्या होत्या. ज्यांना नीट पाणी दिलं होतं त्या कडक होत्या. त्यांच्यावर ठसा उठणं शक्यच नव्हतं. उठला होता तो फक्त त्या मऊ, चमच्यांसारख्या पात्यांवर.

"आणि हट्टी कुठे आहेत?" मी विचारलं.

"वेल्मोर सकाळीच येऊन गेला, ओरखडे बघून घेईना. पण तियो पोन्सो उभा होता, तो म्हणाला, मला दे. स्वस्तात दिल्या, पण गेल्या." तो आवाज खाली करून म्हणाला, "जरा फसवल्यासारखं वाटलं. पण कचरा आहे हे त्यानेच सांगितलं होतं ना. मी म्हटलं, तियो, या वाईटातल्या आहेत. तो म्हणाला, मला कुठे वापरायच्यात, मला विकायच्यात."

मी पिशवीतून कानस काढली. काहीही न बोलता भिंतीवरची एक सुरी बाकावर धरली आणि धारेच्या मागच्या बाजूला कानस एकदा ओढली. तिने चावा घेतला. करवंटीवर लागावी तशी. चमकता भुसा बाकावर पडला.

"काय करतेस?" कुया म्हणाला. "ती विकायची आहे."

मी पर्समधली तातायची सुरी काढली आणि तिच्यावर तीच कानस ओढली. ती काचेवरून जावी तशी गेली. मग कानस त्याच्या हातात दिली.

त्याने डाव्या हातात घेतली. भिंतीवरची दुसरी सुरी काढली. घासली. तिसरी काढली. मग भिंतीवर त्याच्या स्वतःच्या हातची जी शेवटची होती ती काढली, आणि तिच्यावर कानस फिरली तेव्हा तो आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला. बेलेन कॉफीचा कप धरून दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला.

"पण मासा उठला," कुया म्हणाला.

"मऊ होत्या म्हणून उठला."

"मासा उठला म्हणजे चांगलं."

"पाणी देण्यापूर्वी. कुया, यांना पाणी देऊन झालंय. जिला पाणी लागलंय तिच्यावर ठसा उठणार कसा?"

त्याने बाकावरचा ठसा उचलला आणि उजेडात धरला. मीही तेव्हाच बघितला. माशाचं डोकं सपाट झालं होतं. शेपटीची एक रेघ तुटली होती. हट्टी पात्यांवर आपटून त्याचं तोंड गेलं होतं. म्हणजे नंतर जे मासे उठले ते जरा बोथट उठले असणार, पण ते कुयाला पोलादाचा दोष वाटला नव्हता.

"हे तू मला फोनवर का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू ठसा मारून निवडणार आहेस हे मला कसं कळणार?"

"नुसतं 'थांब' म्हणालीस. 'थांब' म्हणजे काय? माणूस थांबतो तेव्हा कशासाठी थांबलोय ते त्याला माहीत असतं."

ते बरोबर होतं. कडक पोलाद ठसा घेत नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं जुनं होतं की ते सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. पण त्या वेळी मी ते कबूल केलं नाही. मी म्हणाले, "दोन तास थांबायचं होतं फक्त."

"ट्रक कलंडला तो माझा दोष?"

"भांडा आता," बेलेन म्हणाली. "मी तियोकडे जाऊन येते."

ती रस्ता ओलांडून गेली. आम्हाला तियो पोन्सोचं हसणं इकडे ऐकू आलं. मग ते दोघे परत आले. त्याच्या हातात एक सुरी होती.

"काय म्हणते ही?" तो म्हणाला. "सकाळी वाईट म्हणून गळ्यात घातल्या आणि आता परत मागता? क्रिसान्तो, माल विकून रडणारे बघितलेत. माल परत मागून रडणारा तू पहिला." त्याने सुरी बाकावर ठेवली. पात्यावर अर्धवट घसरलेली खूण होती: माशाची शेपटी, आणि पुढे एक लांब ओरखडा. "हा कसला मासा? मांजराने खाल्लेला?"

"तियो, या चांगल्या आहेत," मी म्हणाले. "आम्ही चूक केली."

"चांगल्या?" त्याने भुवया उंचावल्या. "तुटल्या म्हणून?"

"हो. तुटल्या म्हणून."

त्याने बाकावरची सुरी उचलून मिटली आणि पुन्हा उघडली. त्याला कळलं की नाही ते मला सांगता येत नाही. "बरं," तो म्हणाला. "चांगल्या असतील तर माझ्याकडेच राहू देत. वाईट विकत घेतल्या होत्या, चांगल्या निघाल्या. रोज असं होत नाही."

"त्यांच्यावर आमच्या माशाची शेपटी आहे," कुया म्हणाला.

"शेपटी घासून टाकतो हवं तर."

"सहज घासून जाणार नाही," कुया हळूच म्हणाला. "कडक आहेत."

तियो पोन्सो गेला. त्याने त्या सुऱ्या आपल्या दुकानाच्या पुढच्या रांगेत लावल्या, ते आम्हाला इथून दिसत होतं. दोन लग्नांची वऱ्हाडं देवळातून सुटली होती. नटलेली माणसं रस्त्याने खाली येत होती, पानात बांधलेला सुमान, चिकट भाताचा गोड खाऊ, विकत घेत होती, सुऱ्या उघडून-मिटून बघत होती.

एक जाडसर तरुण, हातात लग्नाचं फूल, आमच्या दुकानात आला. भिंतीवरच्या सुऱ्या बघितल्या. "हा तो मासा ना?" तो म्हणाला. "मारालितांचा? माझ्या आजोबांकडे होती."

बेलेनने कुयाकडे बघितलं. मी बाकाकडे बघितलं.

कुयाने बाकावरचा ठसा मुठीत घेतला. "मासा आहे," तो म्हणाला. "पण सुरी आमची नाही. चुकून लागलाय. ही विकायची नाही."

"मग भिंतीवर कशाला लावलीय?"

"ते माझ्या बहिणीला विचारा."

तरुण माझ्याकडे बघून हसला आणि थट्टा चालली आहे असं समजून बाहेर पडला. थोड्या वेळाने तो तियो पोन्सोच्या पुढच्या रांगेशी उभा दिसला. त्याने एक घेतली. त्याने चांगली घेतली, हेच मला सहन झालं नाही. आणि त्याला ते कधीही कळणार नव्हतं.

"आता काय?" बेलेन म्हणाली. "खोकं गेलं, ठसा गेला, भिंत भरलेली आणि विकायचं काही नाही."

"सुरी बोटांवर फिरवायचा खेळ शिकणाऱ्यांना चालतील," मी म्हणाले. "धार बोथट करून. मऊ पातं फिरवायला काही वाईट नाही. कापायला नाही, एवढं सांगून विकायच्या. पण मासा काढून."

कुयाने मान हलवली. "जो विचारेल त्याला सांगीन."

"आणि जो विचारणार नाही त्याला?"

"त्यालाही सांगीन. बेलेन आत स्वयंपाकात असली की."

"मी बाहेरच बसणार आहे," बेलेन म्हणाली.

ग्राइंडर मागच्या पडवीत होता. ग्राइंडरला हातोडा लागत नाही, पण पातं दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, आणि कुयाचा उजवा खांदा तेवढाही दाब देईना. म्हणून पातं मी धरलं आणि तो माझ्या शेजारी उभा राहून कुठे, किती, कोणत्या कोनात ते सांगत राहिला. पहिला मासा चाकावर गेला. आधी खवले गेले, मग शेपटी, मग नुसता एक खळगा, मग तोही गेला. मी म्हटलं होतं तसंच: पातं मऊ होतं, मासा पटकन गेला.

"तापलं बघ," कुया म्हणाला. "पाण्यात बुडव."

मी बुडवलं.

"प्रत्येक वेळी बुडव. एकदा निळं पडलं की पाणी उतरलं. मग ते पातं मेलं."

त्या पात्यांना पाणी दिलेलंच नव्हतं. उतरायला काही नव्हतं. निळं पडो, काळं पडो, काही फरक पडणार नव्हता, आणि हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो चाकाकडे वाकून बघत होता, डावा हात बादलीच्या काठावर, माझ्या हातांच्या हालचालीबरोबर त्याचा खांदा थोडा थोडा हलत होता.

"फार दाबतेस," तो म्हणाला. "हलकं धर. हलकं."

पुढचं पातं मी तो सांगायच्या आधीच बादलीत बुडवलं.